पीठ फुगायला वेळ लागतो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरी पाव कसा भाजावा यावर मी दोन शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. परातीसमोर बसणे निराळे आणि माईकसमोर उभे राहणे निराळे. पण पावाच्या निमित्ताने एक गोष्ट मला चारचौघींत सांगायचीच होती, म्हणून उभी राहिले.

आपण वसईची माणसे. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. पाव हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही शब्द तिकडूनच आला. तेव्हापासून पाव म्हणजे बाटलेले अन्न, अशी समजूत पुष्कळ घरांत होती. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्याच आहेत.

आमच्या सासूबाई त्याच समजुतीच्या. त्यांनी जन्मात पावाला हात लावला नव्हता. “पायाने तुडवलेले पीठ मी खायची नाही,” असे त्या म्हणत. चार वर्षांपूर्वी त्यांचे दात गेले, भाकरी चावेना, मऊ भाताचा कंटाळा आला. एके दिवशी संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती मावशींकडून पाव भाजल्याचा वास आमच्या पडवीत आला. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “कसला ग चांगला वास येतोय?” मी सांगितले. त्या गप्प बसल्या. रात्री मात्र हळूच म्हणाल्या, “घरात करता येत असेल, तर कर. तुझ्या हाताने.”

मी यीस्टची पुडी आणली आणि परस्पर उद्योगाला लागले. पहिल्या दिवशी लवकर फुगावे म्हणून कढत पाण्यात यीस्ट घातले. पाव झाला तो वरवंट्यासारखा! दुसऱ्या खेपेस थंडीचे दिवस होते. तासाभरात पीठ हलले नाही म्हणून धीर सुटला आणि तसेच भाजले. तिसऱ्या खेपेस दुपारभर विसरले. पीठ फुगून खाली बसले आणि त्याला दारूसारखा आंबूस वास आला. सासूबाई म्हणाल्या, “हे काय गुत्त्यातले आणलेस?” दीड किलो मैदा वाया गेला. शेवटी मी मावशींच्या दारात गेले.

मावशींनी मला जे शिकवले, ते तुम्हांला सांगते.

यीस्ट ही पूड दिसली, तरी ते जिवंत आहे. बुरशीच्या जातीचे डोळ्यांना न दिसणारे जीव ते. 1857 च्या सुमारास फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी दाखवून दिले, की आंबणे हे अशा जिवंत जीवांचे काम आहे. हे जीव साखर खातात आणि वायू सोडतात. मळलेल्या गव्हाच्या पिठाला चिवटपणा असतो, त्यात तो वायू कोंडतो आणि पीठ फुगते. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाला तो चिवटपणा नाही, म्हणून त्याचा असा पाव होत नाही. पूर्वी यीस्टच्या पुड्या नव्हत्या, तेव्हा आपल्याकडे ताज्या ताडीने पीठ फुगवीत, गोव्यात माडाच्या सुरेने.

आता प्रमाण. अर्धा किलो मैदा, दोन लहान चमचे कोरडे यीस्ट, एक मोठा चमचा साखर, दीड लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे तूप आणि साधारण 300 मिलिलिटर पाणी. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागावे, तान्ह्या बाळाच्या दुधाइतके. त्यातल्या थोड्या पाण्यात साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे झाकावे. वर फेस आला तरच पुढे जावे. न आला तर पुडी जुनी समजावी आणि मैदा वाचवावा. मीठ यीस्टवर टाकू नये, मैद्यात मिसळावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल असू द्यावे आणि तूप लावून चांगली दहा-बारा मिनिटे मळावे. आधी हाताला चिकटेल, घाबरून वरून मैदा घालू नये. मळता मळता ते आपोआप सुटते.

मग ओल्या फडक्याखाली ठेवावे. किती वेळ, असे मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “घड्याळाला विचारू नको, पिठाला विचार.” दुप्पट झाले, की झाले. उन्हाळ्यात तासाभरात होते, थंडीत दोन-तीन तासही लागतात. नंतर हलकेच दाबून बारा उंडे करावे, तूप लावलेल्या ताटात जवळजवळ मांडावे आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यावे. ओव्हन असल्यास तो आधी तापवून 200 अंशांवर वीस मिनिटे भाजावे. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात किलोभर मीठ पसरावे, वर कडे ठेवून, झाकण लावून पंधरा मिनिटे तापवावे आणि दोन खेपांत, दर खेपेस अर्धा तास भाजावे. पातेल्यात वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी पाव उलटून ठेवावे. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की पाव झाला.

आता ती गोष्ट. हे शिकवायला मावशी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. वीस वर्षांच्या शेजारात त्या पहिल्यांदाच ओट्यावरून आत आल्या. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. पाव निवल्यावर मी तो दुधात बुडवून दिला. अर्धा खाऊन त्यांनी विचारले, “मळला कोणी?” मी म्हटले, “मावशींनी.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उरलेला अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, “मीठ जरा कमी आहे, सांग तिला.” पुढची दोन वर्षे, शेवटच्या आजारापर्यंत, आठवड्यातून दोनदा त्यांना घरचा पाव लागे.

पण दोष सासूबाईंचा एकटीचा नव्हता. आम्ही मासळी खाणारी माणसे. तरी दर नाताळला मावशी फुग्यांचे ताट पाठवीत, ते मी हसतमुखाने घेई आणि मागच्या दाराने कामवालीला देई. वीस वर्षांत एक फुगा चाखला नाही. आंबवलेले परके म्हणावे, तर आंबोळी आणि जिलबीही आंबवूनच होते, ती आम्ही बोटे चाटून खात होतो. मावशी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना हे मी अजून सांगितले नव्हते, आज तुमच्यासमोर सांगते. मावशी, माझे चुकले.

भगिनींनो, पाव बिघडला तर मैदा वाया जातो, तो पुन्हा आणता येतो. शेजारची वीस वर्षे मात्र दुकानात मिळत नाहीत. घरी पाव जरूर करून बघा आणि पहिला शेजारी द्या.

एवढे बोलून माझे दोन शब्द पुरे करते.