खेळातली बोरिवली लोकल

‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ हा खेळ 2001 साली आला. त्यात अमेरिका, युरोप आणि जपानमधले सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. ती उणीव आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांनी स्वतःच भरून काढायला घेतली. खेळात चाहत्यांनी केलेल्या अशा बदलाला ‘मॉड’ म्हणतात.

खेळात दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, आपल्याकडे 1676. मुंबईच्या लोकलचा डबा हुबेहूब बनवला, तरी चाकं रुळांबाहेर दिसतात. मग रूळच नव्याने घडवायचे, आणि अंधेरी-बोरिवलीजवळ धिम्या-जलद मार्गांचे सांधे जुळवता जुळवता पुरेवाट होते! आवाजाचं तर विचारूच नका. डीसी म्हणजे एकदिश विजेवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा सूर वेगळा, सीमेन्स कंपनीची यंत्रणा असलेल्या गाडीचा वेगळा. रोजच्या प्रवाशाला तो डोळे मिटूनही ओळखता यायचा. त्यात खरा मार्गही बदलत राहतो. जोगेश्वरी आणि गोरेगावमधलं राम मंदिर स्थानक डिसेंबर 2016 मध्ये सुरू झालं; त्याआधी रचलेल्या मार्गात ते कुठून असणार?

मूळ खेळ आता जुना झाला. पण ‘ओपन रेल्स’ या मोफत प्रणालीवर त्याच्यासाठी बनवलेले मार्ग आणि गाड्या आजही चालवता येतात. हौशी मंडळींची ही मेहनत त्यामुळे वाया गेलेली नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो.