न लावलेलं फूल

मृगाच्या सरी पडल्या की उमरी गावातल्या एखाद्या अंगणात कुणीच न लावलेलं फूल वर येतं आणि घरात विचारपूस सुरू होते. कंद बहुधा जुनाच असतो. विकत आणलेल्या मातीतून किंवा कुणी दिलेल्या रोपाच्या कुंडीतून आलेला.

आधी फुलाचा दांडा बघा. दांड्यावर एकच गुलाबी, सहा पाकळ्यांचं फूल आणि गवतासारखी पानं असतील, तर ती पावसाळी लिली, मूळची अमेरिका खंडातली. बारीक लाल फुलांचा गोल चेंडू दिसला, तर आफ्रिकेतून आलेली फुटबॉल लिली. तिचा बहर वर्षातून एकदाच. कुंपणावर चढलेली, पाकळ्या तळाशी पिवळ्या नि वर लाल, पानाचं टोक वळवून आधार धरणारी वेल मात्र कळलावी. देखणी खरी, पण तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं.

नुसत्या कंदावरून जाणकारही फसतात, तेव्हा फूल येईपर्यंत थांबा. कांदा समजून तो चाखू नका, जनावरांपुढे टाकू नका. पानं, दांडा, फूल यांचे फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना जरूर दाखवा.