ठरावाकडून उद्दिष्टाकडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



समाजवादी चळवळीला ठरावांची वाण कधीच पडली नाही. महागाई, बेकारी, जातिनिर्मूलन, शेतमालाचे भाव, परराष्ट्र धोरण अशा प्रत्येक विषयावर अधिवेशनांतून ठराव मांडले गेले, त्यांना अनुमोदन मिळाले आणि टाळ्यांच्या गजरात ते संमत झाले. परंतु ठराव कोणी, कोठे आणि केव्हापर्यंत अमलात आणावयाचा, हे त्यांपैकी किती ठरावांत नमूद असते, याचा हिशेब मांडला तर बाकी फारशी उत्साहवर्धक निघत नाही. ठराव भूमिका सांगतो. भूमिकेवाचून पक्ष म्हणजे नुसती गर्दी, हे खरेच. तथापि भूमिका म्हणजे उद्दिष्ट नव्हे. समता हे ध्येय आहे. अमुक तालुक्यातील सारे पाणवठे येत्या वर्षात सर्वांना खुले करणे हे उद्दिष्ट आहे. ध्येयाने दिशा कळते, उद्दिष्टाने पुढला मुक्काम कळतो. मुक्कामच ठरलेला नसेल तर कार्यकर्ता चालत राहतो, थकतो आणि एके दिवशी मुकाट्याने घरी बसतो. शाखा बंद पडतात त्या विचार खोटे ठरल्यामुळे क्वचितच. उद्या सकाळी काय करावयाचे हे कोणी न सांगितल्यामुळे त्या अधिक वेळा बंद पडतात.

उद्दिष्ट कसे निवडावे याचा वस्तुपाठ साने गुरुजींनी घालून दिला आहे. अस्पृश्यतेचा कलंक धुऊन निघावा हे त्यांचे ध्येय. पण त्यांची मागणी होती एका मंदिराचे दार उघडण्याची. ती मागणी लहान होती काय? ज्या महाद्वाराच्या पायरीशी चोखोबांची समाधी आहे, तेच दार चोखोबांच्या जातिबांधवांना बंद होते. पंढरीच्या विठोबाचे दार उघडले तर गावोगावच्या देवळांना कड्या घालून बसणाऱ्यांचा नैतिक आधारच निखळणार होता. म्हणजे उद्दिष्ट नेमके होते, परंतु ते मर्मावर बेतलेले होते. त्यासाठी गुरुजींनी केवळ उपोषणाची घोषणा केली नाही. आधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडले, सेवादलाचे तरुण त्यांच्या मदतीला होते, आणि त्या दौऱ्यातच अनेक गावांची मंदिरे व विहिरी खुल्या झाल्या. १ मे १९४७ रोजी सुरू झालेले उपोषण १० मे रोजी संपले. यश आले की नाही, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नव्हती. दार उघडले की नाही, हे कोणीही वारकरी सांगू शकत होता.

हीच रीत डॉ. बाबा आढाव यांच्या कामात दिसते. १९७२ साली सुरू झालेल्या ‘एक गाव, एक पाणवठा’ या मोहिमेच्या नावातच तिचे मोजमाप आहे. गावात पाणवठे किती आणि दलितांनी पाणी कोठून भरावयाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे घेत गावोगाव फिरले की जातिभेदावरील व्याख्यान आपोआप होते. पुण्याच्या हमाल पंचायतीची कथाही तीच. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अशा माणसाला ‘शोषणमुक्ती’ हा शब्द कितीही ऐकविला तरी त्याच्या पाठीवरचे ओझे हलत नाही. म्हणून पुण्यात, आणि अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतही, या कष्टकऱ्यांनी शब्दांच्या जागी मागण्या ठेवल्या. मजुरी ठरलेल्या दराने मिळावी, कामाची नोंद व्हावी, भविष्यनिर्वाह निधी असावा, आजारात औषधपाणी व्हावे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार व सरकार यांच्या प्रतिनिधींची मंडळे आली आणि या मागण्यांना कायद्याचे अधिष्ठान लाभले. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणावे, ही हमालांच्या चळवळीची आणखी एक मागणी. ती पुरी झाली की नाही, हे हमालाला स्वतःच्या पाठीवर तोलून पाहता येते. ज्याच्यासाठी लढा द्यावयाचा त्यालाच निकाल कळावा, ही चांगल्या उद्दिष्टाची पहिली कसोटी.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी गरिबीवर अलंकारिक भाषण केले असते तर ते इतर अनेक भाषणांप्रमाणे विस्मृतीत गेले असते. त्यांनी आकडा मांडला : देशातील २७ कोटी माणसे रोजच्या तीन आण्यांवर जगतात. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला आणि वाद पेटला. तीन की पंधरा, या प्रश्नाने सरकारला नियोजनाचा जाब द्यावा लागला. मोघम शब्दाला मोघम उत्तर देता येते. नेमक्या आकड्याला तसे उत्तर पुरत नाही.

रोजगार हमीचे उदाहरण तर महाराष्ट्राचेच. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेचा प्रयोग आरंभिला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर आली. कायदा १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘बेकारी हटवा’ ही घोषणा आणि हा कायदा यांत फरक कोणता? कायद्यात मुदत होती. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. मुदत ठरली म्हणून हक्क ठरला, आणि हक्क ठरला म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा नेता आला. पैसा कोठून आणावयाचा, याचेही उत्तर व्यवसायकर बसवून देण्यात आले. पुढे २००५ साली संसदेने देशव्यापी कायदा करताना महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार घेतला.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. आकडा हा दुधारी सुरा आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्ट पुरे झाले, किंबहुना ओलांडले गेले. शिक्षकांचे पगार अडवून, गरिबांना दमदाटी करून, माणसे पकडून आणून ते ओलांडले गेले. वरून आलेला आकडा खाली उतरताना प्रत्येक पायरीवर अधिक निर्दय होत जातो, कारण पायरीवरच्या माणसाला परिणामाशी नव्हे, तक्त्याशी कर्तव्य असते. राजकीय पक्षही या रोगापासून मुक्त नाहीत. सभासद नोंदणीचा आकडा वरून ठरला की एकच इसम शंभर नावांची वर्गणी भरतो. कागदावर शाखा वाढते आणि सभेला सतरंजी घालायला माणूस मिळत नाही. म्हणून दुसरी कसोटी अशी की ज्यांनी काम करावयाचे त्यांनीच उद्दिष्ट ठरविले पाहिजे. वरच्या समितीने दिशा द्यावी, साधने द्यावीत आणि प्रश्न विचारावेत. आकडा मात्र तालुक्याने सांगावा. लोकशाही समाजवाद म्हणविणाऱ्या पक्षाला आपल्या घरात हुकूमशाहीची रीत शोभत नाही.

तिसरी कसोटी उद्दिष्ट पुरे झाल्यानंतरची. संयुक्त महाराष्ट्र समितीपुढे मराठी भाषकांच्या एका राज्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले. हुतात्म्यांचे रक्त सांडले आणि १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. परंतु त्या राज्यात जमिनीचे, पाण्याचे, कामगाराचे काय करावयाचे, यावर एकमत घडविलेले नव्हते. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. जनता पक्षाचेही तसेच झाले. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणीची राजवट मतपेटीने उलथविली, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या दुरुपयोगाला बांध घातला. ही कामगिरी सामान्य नव्हे. पण ‘हे नको’ यावर जमलेली माणसे ‘ते हवे’ यावर टिकली नाहीत आणि जुलै १९७९ मध्ये सरकार कोसळले. पहिला मुक्काम गाठण्यापूर्वीच दुसऱ्याची चर्चा सुरू व्हावयास हवी.

मग तालुका समितीने करावे काय? वर्षारंभीच्या बैठकीत नवे ठराव मांडण्याआधी गतवर्षीचे ठराव मोठ्याने वाचावेत व प्रत्येकापुढे ‘झाले’, ‘अर्धवट’ किंवा ‘झाले नाही’ असे लिहावे. ‘झाले नाही’ हा शब्द लिहिण्याची लाज बाळगू नये. तो न लिहिण्याची बाळगावी. त्यानंतर वर्षासाठी दोन, फार तर तीन उद्दिष्टे घ्यावीत. प्रत्येकापुढे जबाबदार कार्यकर्त्याचे नाव, मुदत व लागणारा खर्च लिहावा. दर तीन महिन्यांनी आढावा घ्यावा, आणि तो ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्या शेतमजुरांच्या, कामगारांच्या, स्त्रियांच्या समक्ष घ्यावा. जे काम या वर्षी होणार नाही त्याचीही नोंद करावी. सात कामे हाती घेऊन सातही अर्धी सोडण्यापेक्षा दोन तडीस नेणे जनतेच्या अधिक उपयोगाचे असते.

यावर असा आक्षेप येईल की क्रांतीचे असे तक्ते बनत नाहीत. आक्षेप निराधार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. कोणत्याही तक्त्यात ही सोळा वर्षे मावली नसती. परंतु त्या सोळा वर्षांत लढा जिवंत राहिला तो केवळ निष्ठेवर नव्हे. प्रत्येक वर्षी कोणी तरी मोर्चाची तारीख ठरविली, कोणी पत्रके छापली, कोणी तुरुंगात जाणाऱ्यांच्या घरच्या चुलीची चिंता वाहिली. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन साधने सांगितली. त्यांपैकी कोणते, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात हाती घ्यावयाचे, हे मात्र स्थानिक समितीलाच ठरवावे लागते. ते ठरविण्याचे काम या शिबिरातील प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधींनी आज दुपारच्या गटचर्चेत सुरू करावे, आणि उठण्यापूर्वी निदान एका उद्दिष्टापुढे नाव व तारीख लिहूनच उठावे.