जबाबदारी खाली, अधिकार वर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सरकारी रुग्णालयाचा विषय निघाला की आपल्यातीलही पुष्कळजण एकाच निष्कर्षाशी येऊन थांबतात : तेथील माणसांना कामच करावयाचे नसते. हा निष्कर्ष मला मान्य नाही; आणि तो केवळ कर्मचाऱ्यांविषयीच्या सहानुभूतीमुळे नव्हे.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. ३ ऑक्टोबरला खासदार हेमंत पाटील तेथे गेले व त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करावयास लावले. छायाचित्रे सर्वत्र झळकली. अनेकांना बरेही वाटले. परंतु सफाई कामगारांची रिक्त पदे स्वतःच्या सहीने भरण्याचा अधिकार अधिष्ठात्याला असतो काय? पदभरतीची मंजुरी मंत्रालयातून येते. औषधांची मुख्य खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे एकवटली होती. त्या झाडूने मंत्रालयातील एकही फाईल हलली नाही.

तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी स्त्रीला व तीन परिचारिकांना. त्यांचे कर्तव्य चुकले की नाही, हे न्यायालय ठरवील. पण विजेच्या तारा आणि अग्निशमनाची व्यवस्था ही परिचारिकेच्या अखत्यारीतील बाब नव्हे. ही बातमी राज्यातील प्रत्येक वॉर्डात वाचली गेली असेल, आणि त्यातून काय बोध घेतला गेला असेल, याची कल्पना करा.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असे मांडले की, बिघडत चाललेल्या संस्थेतील माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आपल्या रुग्णालयांत या दोन्ही वाटा बुजवलेल्या आहेत. कायम नोकरी सोडवत नाही आणि बोलले तर बदली होते. त्याच वॉर्डात, तेच काम कमी पगारावर करणारी कंत्राटी परिचारिका बोलली, तर तिचा अकरा महिन्यांचा करार पुढे चालू राहीलच असे नाही. मग माणूस हजेरीपटावर राहतो, मनाने मात्र निघून जातो. औषध नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी तिनेच द्यावयाची, नातेवाइकांच्या शिव्याही तिनेच खावयाच्या! याला आपण आळस म्हणतो. हे मला फार सोयीचे निदान वाटते. मंत्रालयाला तर ते अधिकच सोयीचे आहे.

हेही मान्य केले पाहिजे की, कामचुकार माणसे असतात, आणि संघटना कधीकधी त्यांना पाठीशी घालतात. त्यांच्यावर कारवाई जरूर व्हावी. पण ती मागताना पुढील मोर्चा वॉर्डाच्या दारात नेऊ नका. आधी मेट्रनबाईंना भेटा, सफाई कामगारांना भेटा. मंजूर पदे किती, भरलेली किती, दुरुस्तीसाठी वर किती पत्रे गेली, हे विचारा. त्या पत्रांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागवा आणि त्या घेऊन मंत्र्यांकडे जा. पत्र लिहिणाऱ्याचे नाव मात्र सभेत घेऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याची बदली होईल.