रानाची शाळा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



थिऑलॉजीचा डिप्लोमा घेऊन मी रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीत कामाला गेले, तेव्हा पिशवीत अंकलिप्या होत्या, औषधे होती. आपण शिकवायला आलो आहोत, एवढेच मला ठाऊक होते. शिकायलाही यावे लागते, हे मला वाडीतल्या एका आजीने दाखवले.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. आज महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. कागदावर आपण त्यांची गरिबी मोजतो. त्यांच्या हातातली विद्या मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

एकदा पावसाळा सरताना मी आजीला म्हटले, "मला कडूकांद काढायला शिकवा." मी वही उघडलीच होती. ती म्हणाली, "ती ठेव ताई. हात चालव."

वेल पिवळी पडली की कंद तयार. माती हळूहळू बाजूला करायची. कंद ओढला तर मोडतो. काढून झाला की वेलीकडचा तुकडा पुन्हा त्याच खड्ड्यात पुरायचा. "सगळंच नेलं तर पुढच्या साली पोरांनी काय खायचं?" घरी येऊन सोलायचे, पातळ काप करायचे, राखेबरोबर उकळायचे आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे.

मला घाई. संध्याकाळीच दोन काप खाल्ले. घसा जळाला, रात्रभर ओकाऱ्या झाल्या. आजी रागावली नाही. म्हणाली, "पाण्याचं काम पाण्याला करू द्यावं." रानातले जगणे ही सहल नव्हे, हे मला त्या रात्री कळले. एक पायरी गाळली तर अन्नाचे विष होते. म्हणून माझे ऐकून कोणी घरी प्रयोग करू नये. जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावे.

त्या दिवशी आजीची चौदा वर्षांची नातही बरोबर होती. सहा वर्षे आमच्या वसतिगृहात राहिलेली, अभ्यासात हुशार. तिला ती वेल ओळखता आली नाही. आजी म्हणाली, "ताई, तुम्ही हिला वाचायला शिकवलं, चांगलं केलं. पण हे हिला कोण शिकवील? मी किती दिवस?"

मला उत्तर देता आले नाही. सुट्टीत पोरांना रानात नेऊ नका, अभ्यासवर्गाला पाठवा, असे पालकसभेत सांगणारी मीच होते. जी मुले वसतिगृहात नाहीत, त्यांचीही गत वेगळी नाही. कंद काढायचे दिवस आणि मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघायचे दिवस जवळजवळ एकच. एकीकडे आमची शाळा, दुसरीकडे भट्टी. मधल्या मधे रानाची शाळा ओस पडली.

तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीचे पहिले चार दिवस आम्ही मुलांना वाडीतल्या वडीलधाऱ्यांच्या हाती देतो. शिक्षक तेच, आणि त्यांना शिक्षकासारखे मानधन. मुले कंद काढतात, पिल्लांची खेकडी पुन्हा पाण्यात सोडतात, कारवीचा कूड बांधून शेणमातीने लिंपतात. वही रात्री उघडते, काम झाल्यावर.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मानला, जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावरचा समूहाचा हक्कही मानला. पण ज्ञान हातातून गेले, तर कागदावरचा हक्क कोणी आणि कशासाठी वापरायचा?

आपला प्रभूही सुताराच्या घरी वाढला, हे आपण विसरू नये. हाताने शिकलेले त्याला हलके वाटले नसेल. म्हणून माझी विनंती एवढीच: वसतिगृहाला गाद्या, वह्या देता, तशीच एखाद्या आजीच्या मानधनाचीही जबाबदारी घ्या.

आजी आता थकली आहे. गेल्या दिवाळीत टोपली घेऊन ओढ्यावर नात गेली. वर दगड ठेवून तिने टोपली नीट बसवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, सकाळपर्यंत हात लावायचा नाही हं."