कुपी पुण्याची, वाहन कोणाचे?



विषाणू हा शब्द उच्चारताच मनात भय दाटते. तथापि १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाविरोधी लसीकरण सुरू झाल्यानंतर बहुसंख्य देशबांधवांनी घेतलेली कोविशील्ड ही लस म्हणजे मुळात एक विषाणूच होता. मात्र माणसाने वेसण घातलेला.

चिंपांझीमध्ये आढळणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसमधून शास्त्रज्ञांनी त्याच्या वाढीस आवश्यक असलेला जनुकीय भाग काढून टाकला. त्यामुळे तो मानवी पेशीत शिरतो, परंतु आपली प्रजा वाढवू शकत नाही. रिकाम्या जागी कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक बसविले. त्यावरून आपल्या पेशी ते प्रथिन घडवितात आणि शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रूला आधीच ओळखून सज्ज होते. माणसांतील अ‍ॅडेनोव्हायरस का घेतला नाही? कारण अनेकांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ती वाहनालाच वाटेत अडवतात.

हे वाहन ऑक्सफर्ड विद्यापीठात सिद्ध झाले. तेथे २०१८ मध्येच त्याच्या आधारे मर्स या रोगावरील लसीची मानवी चाचणी सुरू झाली होती. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये कोरोनाची जनुकीय रचना जाहीर होताच २३ एप्रिल रोजी प्रा. सारा गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांची नवी लस माणसांना टोचता आली. त्या वेगामागे अनेक वर्षांची तपश्चर्या होती.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोट्यवधी मात्रा निर्माण केल्या. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात टिकणारी ही लस खेड्यापाड्यांत आणि शेजारी राष्ट्रांतही पोहोचली. याचा अभिमान अवश्य बाळगावा. आत्मवंचना मात्र करू नये. कुपी पुण्याची होती, वाहन परक्या प्रयोगशाळेतले होते. भारत बायोटेकच्या नाकावाटे द्यावयाच्या लसीचे वाहनही अमेरिकेतील सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आले. कोविशील्डच्याच घडणीच्या लसीनंतर क्वचित रक्ताच्या घातक गुठळ्या होतात, हेही २०२१ मध्ये प्रथम युरोपात उघड झाले. वाहनाचा दोष हेरून तो दूर करणे त्यालाच साधते, ज्याला वाहन घडविता येते.

आपल्या भूमीवरील उत्पादन ही स्वदेशीची पहिली पायरी. मूलभूत ज्ञान ही तिची पूर्तता. पुढची साथ पूर्वसूचना देऊन येणार नाही. घरातील एखादा मुलगा वा मुलगी भरघोस वेतनाची नोकरी सोडून प्रयोगशाळेत दहा वर्षे घालवू म्हणेल, तेव्हा त्याला वेडा ठरवू नका. त्याच्या पाठीशी उभे राहणे, हेही राष्ट्रकार्यच आहे.