लेकीच्या खोलीभाड्याचा हिशेब



बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरच्या घराघरांत एकच विषय निघतो. पुण्याला प्रवेश मिळेल, पण राहायचा खर्च कसा भागवायचा?

मुलींच्या फीचा भार आता हलका झालाय. २०२४-२५ पासून, ज्या घराचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तिथल्या मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशफेरीतून हवा. पण खोली आणि मेस यात येत नाही. मग आपणच म्हणतो, "पोराला ठेवू पुण्यात, पोरगी इथंच काहीतरी शिकंल."

आमच्या गटातल्या एका घरीही हेच ठरत आलं होतं. आम्ही साऱ्याजणी त्यांच्या ओसरीवर बसलो आणि खर्च कागदावर मांडला. तेव्हा खरी अडचण कळली. अनामत भरायची जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कारखाना पेटतो दिवाळीच्या आसपास. उसाचं बिल त्याच्याही नंतर. या मधल्या महिन्यांतच माणूस सावकाराच्या दारी जातो, नाहीतर सोनं गहाण पडतं.

म्हणून आम्ही खर्चाची वाटणी केली. अनामत गटाच्या कर्जातून. उसाचा पहिला हप्ता आला की ते फेडायचं. मेसचे पैसे दुधाच्या पगारातून, दर दहा दिवसांनी बाजूला काढायचे. घरमालकाकडून अनामतीची पावती घ्यायचीच.

सरकारी मदतही आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून पुण्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. त्या आधी विचारून घ्या. हा पैसा उशिरा येतो, म्हणून अनामतीसाठी त्याच्यावर विसंबू नका. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रही मोडलं. आज एकटीवर ती वेळ येऊ नये, यासाठीच आपला गट आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: यंदा कुणाची लेक बारावीला आहे?